डाऊन दिशेची सहल

पहाटे 4.30

पहिला फोन ड्रायव्हरला. "उठलात का दादा?" असं विचारलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून "डिझेल रात्रीच भरलंत ना?" असं विचारायचं. आवाजावरून कळतं, माणूस अंथरुणात आहे की गाडीपाशी. आज मागे इंजिनाची घरघर होती. मी निर्धास्त.

मी डोंबिवलीतून ज्येष्ठ नागरिकांच्या एक दिवसाच्या सहली काढते. अष्टविनायक, अलिबाग, कार्ला-लोणावळा हे सगळेच नेतात, मीही नेते. आजची सहल मात्र ठाणे जिल्ह्याबाहेर पाऊल टाकत नाही. अंबरनाथ, शहाड, टिटवाळा, कल्याण, ठाणे आणि घरी. पहिल्यांदा जाहीर केली तेव्हा लोक हसले. "टिटवाळ्याला काय बसने जायचं? अन् ठाण्यात बघण्यासारखं काय आहे?" असं म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण ठाणे स्टेशनातून तीस-तीस वर्षं रोज गेलेले होते.

वार बुधवार. तो हौसेने ठरत नाही. सोमवारी अंबरनाथला रांग, मंगळवारी टिटवाळ्याला, शनिवार-रविवारी ठाण्याच्या तलावपाळीला बस उभी करायला जागा नाही. गुरुवार चालतो. पण आधी कालनिर्णय उघडून संकष्टी कुठे पडते ते बघायचं. अंगारकीच्या आसपास तर टिटवाळ्याचं नावही काढायचं नाही.

पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र, ओआरएसची पाकिटं, आल्याच्या वड्या, उलटीसाठी पिशव्या, शिट्टी आणि पाच-दहा रुपयांच्या नाण्यांची पुरचुंडी. ही नाणी स्वच्छतागृहांसाठी. सत्तरीच्या बाईला रांगेत उभं राहून पर्समध्ये सुट्टे शोधायला लावणं मला बरोबर वाटत नाही. यादीच्या दोन प्रती. प्रत्येक नावापुढे मुलाचा किंवा मुलीचा नंबर. निम्मे नंबर परदेशातले, म्हणून त्यापुढे शेजाऱ्याचाही.

सकाळी 6.00

गणेश मंदिराजवळ सगळे जमतात. ही जागा सगळ्यांना ठाऊक, पत्ता सांगावा लागत नाही. याच मंदिर संस्थानाने 1999 साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली आणि मग ती गावोगाव गेली. गाडीतली निम्मी मंडळी त्या पहिल्या यात्रेत होती. निदान प्रत्येक जण तसं सांगतो.

सहाची वेळ दिली की पावणेसहाला सगळे हजर. आयुष्यभर लोकल पकडलेली माणसं आहेत, उशीर त्यांच्या रक्तात नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर हातात घड्याळ धरूनच उभे. "ताई, सहा-दोन झाले."

या माणसांचं तोंड जन्मभर मुंबईकडे होतं. अप गाडी पकडायची, संध्याकाळी डाऊनने परत यायचं. डाऊनला डोंबिवलीच्या पलीकडे जायचं ते एकाच कारणासाठी: गर्दीत चढता येत नाही म्हणून आधी कल्याणला उलटं जायचं आणि तीच गाडी परत निघाली की खिडकीत बसून यायचं. त्यामुळे कल्याण कित्येकांना फक्त प्लॅटफॉर्मपुरतं माहीत. तिथे गाडीतून उतरायचं नसतं, जागा जाते. माझी सहल त्या जागेवरून उठवून त्यांना खाली उतरवण्यासाठी आहे.

सकाळी 6.25

घरडा सर्कल, कल्याण-शीळ रस्ता, काटई नाका, तिथून पाइपलाइन रोडने अंबरनाथ. सात वाजायच्या आत काटई ओलांडलं तर ठीक. नंतर मेट्रोचं काम, पलावाची वर्दळ आणि ट्रक यांच्या मधे अडकलो की पुढचा सगळा दिवस तासाभराने मागे. नाश्ता देवळानंतर. गाडीत खाल्लेला उपमा पहिल्या वळणावर काय करतो, ते मला माहीत आहे.

सकाळी 7.10

अंबरनाथचं शिवमंदिर. यासाठी मी दीड तास राखून ठेवते आणि तो कधीच पुरत नाही.

वालधुनीच्या काठी काळ्या दगडाचं देऊळ, शिलाहारांचं. उत्तरेकडच्या दरवाजाच्या तुळईवर शिलालेख आहे, शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. छित्तराजाने काम सुरू केलं आणि मुम्मुणीने पुरं केलं, असं अभ्यासक सांगतात. सकाळी सातच्या उन्हात भिंतीवरच्या मूर्ती नीट दिसतात, कारण ऊन तिरपं असतं आणि प्रत्येक कोरणीला सावली मिळते. अकरा वाजता येणाऱ्याला नुसता काळा दगड दिसतो. एवढ्यासाठी मी लोकांना पहाटे उठवते आणि त्यांच्या शिव्या खाते.

आधी बाहेरून एक फेरी. बोलायचं नाही, फक्त बघायचं. मग मी सांगते की हे भूमिज शैलीचं देऊळ आहे, शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. पण इथलं शिखर अर्ध्यावरच थांबलंय. गाभारा सभामंडपापेक्षा बराच खाली, पायऱ्या उतरून जायचं, आणि उतरल्यावर वर बघितलं तर आभाळ. या उतरणीपाशी माझी खरी कसोटी. पायऱ्या उंच, ओल्या, आणि आत उजेड कमी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मी वरच थांबवते. त्या रागावतात. मग त्यांच्यासाठी मंडपातल्या खांबांवरचं कोरीव काम राखून ठेवलेलं असतं. जे खाली जातात ते रांगेत दहा मिनिटं उभे राहतात, वरच्यांना तेवढा वेळ खांबापाशी निवांत मिळतो. शेवटी वरचेच जास्त सांगत सुटतात.

1868 मध्ये सरकारने या देवळाची चित्रं आणि मूर्तींचे साचे करून घेतले, तेव्हा मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे विद्यार्थी इथे येऊन राबले होते. मला ही गोष्ट फार आवडते. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईची मुलं ज्यासाठी इथवर आली, ते डोंबिवलीच्या माणसाने सत्तरीपर्यंत पाहिलेलं नसतं. आज एक निवृत्त चित्रकला शिक्षिका होत्या. त्यांनी वही काढली आणि एका हत्तीपाशी बसल्याच. शिट्टी तीनदा वाजवावी लागली.

देवळाच्या आवारात कुणीतरी विचारतंच, "ताई, पावसाळ्यात बदलापूरला कोंडेश्वरला न्याल का? धबधबा छान असतो म्हणे." मी नेत नाही. दर पावसाळ्यात तिथे, बारवीच्या बाजूला माणसं बुडतात आणि मग बंदीचे आदेश निघतात. वालधुनी आणि उल्हास या नद्या डिसेंबरात बघून त्यांची कल्पना येत नाही. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले. आगगाडी अडवणाऱ्या पाण्याशेजारी मी आजी-आजोबांना छत्र्या देऊन उभं करणार नाही.

सकाळी 9.00

नाश्ता. बचत गटाच्या वहिनींनी बांधून दिलेली थालीपिठं, लोणी, लसणाची चटणी. चहा स्थानिक टपरीवर, बिनसाखरेचे किती ते आधीच फोनवर सांगितलेले.

उल्हासनगरमधून गाडी न थांबवता न्यायची. युद्धकाळातली लष्करी छावणी, मग फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांचा कॅम्प आणि 1949 साली मिळालेलं उल्हासनगर हे नाव, एवढं माइकवर सांगून होईपर्यंत खिडकीत फर्निचरची दुकानं सुरू होतात आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, "पाच मिनिटं थांबूया?" कापडाच्या दुकानासमोरची पाच मिनिटं म्हणजे किती, ते मी जाणते.

सकाळी 9.50

शहाडचं बिर्ला मंदिर. रेयॉनच्या कारखान्याशेजारी विठ्ठल-रखुमाई. दुपारी बंद असतं, म्हणून सकाळीच. अंबरनाथहून आल्यावर इथला घोटीव दगड जरा गोड वाटतो, पण बाग चांगली, बाकं सावलीत आणि फरशी सपाट. ज्येष्ठांच्या सहलीत सपाट फरशीचं मोल शिल्पापेक्षा कमी नाही. अर्धा तास. एका आजींनी विठोबासमोर अभंग म्हटला, दुसऱ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि अर्ध्या तासाचे पाऊण झाले.

सकाळी 11.20

टिटवाळा. काळू नदीच्या काठचा महागणपती. माधवराव पेशव्यांनी इथे तळं खोदायला घेतलं आणि गाळात मूर्ती सापडली, असं सांगतात. कण्व ऋषींचा आश्रम इथेच होता आणि शकुंतलेने दुष्यंत परत मिळावा म्हणून याच गणपतीची पूजा केली, असंही सांगतात. म्हणून लग्न जमवणारा गणपती अशी त्याची ख्याती. गाडीतल्यांपैकी कुणाचंच आता लग्न व्हायचं नसतं, पण प्रत्येकाच्या खिशात एखाद्या नातवाचं नाव असतं.

दर्शनाला बुधवारी पंधरा-वीस मिनिटं लागतात. माझा वेळ जातो तो रांगेत नाही, चपलांपाशी. सगळ्यांच्या चपला एकाच पोत्यात, पोतं माझ्या पुतण्याकडे. सुरुवातीला तो लाजायचा, आता पोत्यावर बसून मोबाइल बघतो.

आणि स्वच्छतागृह. याबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात एक ओळ नसते, आणि माझी अर्धी आखणी यावर चालते. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, का ते सांगायला नको. मग दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि सगळे उन्हाला नावं ठेवतात. म्हणून मी दर दीड तासाने कुठे थांबायचं ते आधी जाऊन बघून येते: पाणी आहे का, कडी लागते का, कमोड आहे का. मागे एका नावाजलेल्या ठिकाणी नवंकोरं स्वच्छतागृह कुलपात होतं आणि किल्ली असलेला माणूस गावी गेला होता. तेव्हापासून ज्या खाणावळीत जेवतो तिथे आधी स्वच्छतागृह बघते, मग आमटीची चव.

दुपारी 12.45

जेवण. पोळी, वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, आमटी-भात आणि एक मोदक. खाणावळवाल्या काकू मला ओळखतात. मीठ कमी, तिखट वेगळं. जेवल्यावर वीस मिनिटं कुणालाही हलवायचं नाही. सुरुवातीला मी या वेळात माहिती सांगायचे, लोक मान डुलवत झोपायचे. आता मीही डोळे मिटते.

दुपारी 3.00

कल्याण, दुर्गाडी. इथे फार कमी उरलंय. बुरूज, तटाचा काही भाग, देवीचं मंदिर आणि खाली खाडी. "एवढाच किल्ला?" हा प्रश्न येतो तेव्हा मी सगळ्यांना खाडीकडे तोंड करून उभं करते, कारण किल्ला बघायचा तो इथून. 24 ऑक्टोबर 1657 ला कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली आणि त्यानंतर इथल्या पाण्यात स्वराज्याची पहिली जहाजं बांधायला घेतली गेली. कामाला पोर्तुगीज कारागीर ठेवले होते. वसईच्या पोर्तुगीजांना ते कळल्यावर त्यांनी आपली माणसं फोडून परत नेली. पण तोवर काम सुरू झालं होतं आणि इथली माणसं हाताखाली शिकत होती. आरमार म्हटलं की लोकांना सिंधुदुर्ग आठवतो. डोंबिवलीच्या रेतीबंदरावरून दिसणारं तेच पाणी आपण पाहतोय, हे कळल्यावर मघाशी "एवढाच?" म्हणणारे काका गप्प होऊन पुलाकडे बघत राहिले.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट इथे कुणीतरी काढतंच. समकालीन कागदात तिला आधार सापडत नाही असं सांगितलं की काहीजण दुखावतात. मग मी कागदावर असलेली कल्याणची लेक काढते. आनंदीबाई जोशी इथेच जन्मल्या, 31 मार्च 1865 ला. 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस पुरी व्हायच्या आधी गेल्या. चरित्र बहुतेकींनी वाचलेलं असतं, मालिका पाहिलेली असते. जन्मगाव मात्र दर वेळी कुणीतरी पुणे सांगतं.

नौदलातून निवृत्त झालेली टी-80 ही युद्धनौका दुर्गाडीजवळ आणून ठेवली आहे. ती बघायला आजोबा मंडळी आजींपेक्षा वेगाने चालतात.

दुपारी 4.30

दुर्गाडी पूल, कोनगाव, रांजनोली, माणकोली, माजिवडा. नकाशावर हे अंतर काहीच नाही. प्रत्यक्षात गोदामांचे कंटेनर, मेट्रोचे खांब आणि दुभाजक यांच्यातून गाडी रेटत न्यायची. या तासासाठी माझ्याकडे एक गोष्ट राखून ठेवलेली आहे.

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे मुळात ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी इथे कोंडलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, म्हणजे फितुरी नको. तिथेच ते फसले. एक मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा. कुठून निघायचं, घोडं कुठे उभं असेल, सगळं त्या गाण्यात. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी पळाला. ही हकिकत बिशप हेबर या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवली आहे.

गोष्ट संपेपर्यंत माणकोली आलं होतं. मग काकांनी विचारलं, "आणि पुढे?" पुढे त्याच तुरुंगात राघोजी भांगरेंना 1848 मध्ये फाशी दिलं. नाशिकच्या जॅक्सन खटल्यातल्या अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना 19 एप्रिल 1910 ला. गाडीतला गोंगाट थांबला. कंटेनर मात्र हलत नव्हते.

संध्याकाळी 5.50

ठाणे. गाडी आधी कारागृहाच्या तटावरून. उतरायचं नाही, काचेतून बघायचं. मग गडकरी रंगायतनपाशी सगळ्यांना उतरवते आणि ड्रायव्हरदादा बस घेऊन कुठेतरी गायब होतात. कुठे ते मी विचारत नाही, फोन केला की दहा मिनिटांत येतात.

मासुंदा तलाव, म्हणजे तलावपाळी. कोपिनेश्वराचं दर्शन. हे देऊळ 1760 मध्ये सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी नव्याने उभं केलं, असं सांगितलं की कल्याणचे जे कोणी असतात ते लगेच म्हणतात, "आमचे सुभेदार!" कल्याणचा सुभेदार वाडा त्यांचाच.

इथे एक तास मोकळा. कुणी बोटीत बसतं, कुणी नुसतं कठड्यावर. दोघी बहिणी रंगायतनसमोर उभ्या राहून कुठलं नाटक कुणाबरोबर पाहिलं त्याचा हिशोब लावत होत्या. 1978 पासूनचा हिशोब, सहजी संपणारा नाही. आणि मिसळ. मामलेदारची मिसळ खायचीच, असा आग्रह प्रत्येक वेळी होतो आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणते. दिवसभराच्या उन्हानंतर ती तर्री, वर तासाभराचा प्रवास. "पार्सल घ्या, उद्या सकाळी खा." सगळे मान डोलावतात. दोघे काका हळूच सटकतात. परत येतात तेव्हा नाक लाल असतं. मी काही बोलत नाही, फक्त त्यांना पुढच्या सीटवर बसवते.

स्टेशन इथून चालत जवळ. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून दुपारी 3.35 ला निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथे येऊन थांबली: चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चारशे पाहुणे. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. ठाण्याचेच कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये माथेरान शोधलं होतं, पण तिकडे गाडीने जायची सोय व्हायला 1907 उजाडलं. बँकेतल्या काकांनी मोबाइलवर हिशोब केला आणि जाहीर केलं की पहिल्या गाडीला सव्वा तास लागला असेल, तर आजची बस माजिवड्यापर्यंत तिच्या बरोबरीनेच आली.

रात्री 8.00

शिट्टी, मोजणी, पुन्हा मोजणी. एक आजी कमी. त्या ठाण्याच्या भाचीला भेटायला गेल्या होत्या आणि भाची त्यांना सोडायला आली, डब्यात चकल्या घेऊन. परतीला माणकोली-मोठागाव पूल. हा झाल्यापासून डोंबिवली-ठाणे रस्त्याने जाणं सुसह्य झालं, नाहीतर शीळफाट्याला वळसा किंवा कल्याणमार्गे फेरा. पुलावर कुणीतरी गाणं सुरू केलं, भेंड्या लागल्या. 'ळ' आला की नेहमीप्रमाणे भांडण.

रात्री 10.15

सगळे घरी पोचल्याचे निरोप आले. एकाचा नाही, म्हणून शेजाऱ्यांना फोन. ते पोचून झोपले होते.

हिशोब: डिझेल, ड्रायव्हरदादांचा भत्ता, पार्किंग, जेवण, चहा, नाण्यांची पुरचुंडी रिकामी. बसमध्ये राहिलेल्या वस्तू: एक चष्मा, एक स्वेटर, प्रसादाचे दोन पुडे. सगळ्यांचे फोटो ग्रुपवर टाकले.

एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप वाट बघत होता. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला जायचंय, रविवारी सकाळी, नाश्ता करून आरामात दहाला. ठाणे खाडीचं हे अभयारण्य 2015 चं, 2022 पासून रामसर यादीत, आणि हिवाळ्यात पक्षी भरपूर. पण बोट पाण्यावर चालते. कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या रविवारी दशमी आहे, म्हणजे भरती साडेसातच्या सुमाराला. दहाला आलात तर पाणी उतरायला लागलेलं असेल. त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या आसपास. कालनिर्णय उघडलं, त्रयोदशी बुधवारी. बोटीची नक्की वेळ केंद्रच देईल, जागा मोजक्या असतात, नावं लवकर कळवा, असं लिहिलं आणि पाठवून दिलं.